तेरा इंची चाकं

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण सासऱ्यांचा मला थेट फोन कधी आला नव्हता. ते मुलीला फोन करायचे आणि शेवटी "जावईबापू बरे आहेत ना?" एवढं विचारून ठेवून द्यायचे. त्यामुळे गुडगावच्या ऑफिसात मीटिंग चालू असताना स्क्रीनवर त्यांचं नाव उमटलं, तेव्हा लॅपटॉप तसाच उघडा टाकून उठलो. मी बाहेर येऊन फोन घेतला.

"जावईबापू, टायरवर एकशे पंचावन्न लिहिलेलं असतं, ते नक्की काय मोजतात?"

"बाबा, तुमची तब्येत बरी आहे ना?"

"मला काय धाड भरलीय? एकशे पंचावन्न. रुंदी की उंची?"

"रुंदी. मिलीमीटरमध्ये."

"अच्छा," म्हणाले आणि फोन बंद.

सासरे तेव्हा ऐंशीला टेकले होते. तरुणपणी नगरहून केंद्र सरकारच्या नोकरीसाठी दिल्लीत आले ते इथलेच झाले. यमुनेपलीकडच्या एका जुन्या सोसायटीत त्यांचा फ्लॅट आहे. सासूबाई गेल्यापासून तिथे ते एकटेच राहतात. ते आणि त्यांची गाडी, असं म्हणायला हवं. कारण ती गाडी त्यांच्या घरात माणसासारखीच धरलेली आहे. बाटलीच्या रंगाची हिरवी, दोन दारं, दोनच सीट, वर कापडी छप्पर. इतकी बुटकी, की आत बसलं की शेजारच्या ऑटोरिक्षाचं चाक आपल्या कानाशी फिरतं. सत्तरच्या दशकात मायदेशी परत निघालेल्या एका विलायती अधिकाऱ्याकडून त्यांनी ती घेतली. मंत्रालयातले त्यांचे वरिष्ठ स्कूटरवर यायचे आणि हे असल्या गाडीतून. त्यावरून ऑफिसात बरंच बोललं जायचं म्हणे. सासूबाई हिंदूराव हॉस्पिटलात परिचारिका होत्या. थंडीच्या दिवसांत सासरे त्यांना रिजच्या टेकडीचा चढ चढून तिथे सोडायला जायचे. सासूबाईंना गाडीचं कौतुक होतं, पण ते तोंडावर नसायचं. "चाकं सायकलची आणि ऐट विमानाची," असं त्या म्हणायच्या.

दिल्लीत जुन्या गाड्यांचे हाल आपण जाणतोच. पेट्रोलची गाडी पंधरा वर्षांची झाली की तिला रस्ता बंद. ही मात्र पन्नाशी ओलांडून गेल्यामुळे विंटेजच्या खात्यात नोंदली गेली आणि वाचली. अट एवढीच, की रोजच्या कामाला ती वापरायची नाही. प्रदर्शन, रॅली किंवा देखभाल, एवढ्यासाठीच बाहेर काढायची. आयुष्यभर सरकारी नियम वाचलेल्या माणसाला 'देखभाल' हा शब्द किती ताणता येतो, हे वेगळं सांगायला नको. पेट्रोल भरणं ही देखभाल. इंजिन गरम करून आणणं ही देखभाल. एकदा ते कोपर्निकस मार्गावर जुन्या महाराष्ट्र सदनात एका मित्राला भेटून, जेवून आले, तीसुद्धा देखभालच होती.

त्या थंडीत एका रॅलीचं बोलावणं आलं होतं आणि टायर बघितले तर त्यांना हिवाळ्यात टाचांना पडतात तशा भेगा. जवळच्या टायरवाल्याने एक नजर टाकून, "अंकल, इन्हें म्यूज़ियम में दे दो," असं सांगितलं होतं. त्याच्याकडच्या नव्या टायरवर एकशे पंचावन्न लिहिलेलं होतं, म्हणून तो फोन.

पुढच्या शनिवारी मी त्यांच्याकडे गेलो. बायकोला वाटलं, मी तिच्या वडिलांची चौकशी करायला चाललोय. खरं तर मला गंमत वाटत होती. मी शिकलो मेकॅनिकल इंजिनिअरिंग, आणि पोट भरतो ते सॉफ्टवेअरवर. हाताने काही मोजून मला जमाना झाला होता. मी पुण्याहून येताना आणलेला व्हर्नियर कॅलिपर शोधून खिशात टाकला.

जुन्या टायरवर मापं इंचांत होती आणि तसले टायर आता इथे मिळत नाहीत. म्हणजे आजच्या मापांत त्यांचा जोडीदार शोधायला हवा. जेवणाच्या टेबलावर मी त्यांना समजावलं. पहिला आकडा टायरची रुंदी. दुसरा आकडा टक्क्यांत : रुंदीच्या किती टक्के उंच भिंत रबराची आहे ते. शेवटचा आकडा मधल्या लोखंडी चाकाचा व्यास, तो मात्र इंचांत.

"तीन आकडे, आणि दोन मिलीमीटर-टक्के आणि एक इंच?" सासरे म्हणाले. "हे कुठल्या कमिटीने ठरवलं?"

पण त्यांना ते पटकन कळलं. बाहेरचा एकूण व्यास मूळ टायरच्या जवळपास राहिला पाहिजे, नाहीतर स्पीडोमीटर खोटं बोलतो आणि गिअरचं गणित बिघडतं, हे मी सांगितलं. दुपारपर्यंत ते स्वतःच हिशेब करत बसले. मी निघालो तेव्हा त्यांनी मान वर करून बघितलंसुद्धा नाही. मला बरं वाटलं.

एका रविवारी एक चाक काढून माझ्या गाडीच्या डिकीत टाकलं आणि आम्ही करोलबागला गेलो. तिथे गल्लीच्या दोन्ही बाजूंना टायर आणि चमकणारी अलॉय चाकं टांगलेली. मला हवे होते साधे एकशे पंचावन्न-ऐंशी, तेरा इंची. पूर्वीच्या छोट्या कुटुंबी गाड्यांना असायचे तसे. दुकानदार ते शोधायला मागे गेला आणि परत आला तेव्हा सासरे एका पंधरा इंची अलॉय चाकासमोर उभे होते. पाच पाकळ्यांचं, गडद राखाडी. त्याच्यावर एकशे पंच्याण्णव रुंदीचा, पातळ भिंतीचा टायर.

"हे बघा," ते मला म्हणाले. "चाक मोठं, टायर बुटका. बाहेरचा व्यास जवळपास तोच येतो. मी केलाय हिशेब."

हिशेब बरोबर होता. मीच शिकवलेला.

"व्यास येतो बाबा, पण रुंदी केवढी! मागच्या मडगार्डला घासेल. आणि तुमच्या गाडीला पॉवर स्टिअरिंग नाही. एवढं रबर रस्त्याला चिकटलं तर वळवताना दंड भरून येतील."

"रुंद टायर रस्ता धरतो की नाही?"

"धरतो, पण..."

"मग झालं."

मी डिकीतून आमचं चाक काढून आणलं. चार नटांची चार भोकं, त्यांतल्या समोरासमोरच्या दोन भोकांच्या मध्यांतलं अंतर मोजलं. विलायती गाडी, त्यामुळे बरोबर चार इंच. म्हणजे एकशे एक पूर्णांक सहा. अलॉयचं मोजलं तर शंभर. मी दोनदा मोजलं.

"बाबा, हे बसणार नाही. दीड मिलीमीटरचा फरक आहे."

दुकानदार हसला. "सर जी, डेढ़ मिलीमीटर में क्या होता है? नट कसेंगे, अपने आप बैठ जाएगा. बिल्कुल फिट."

बसेलही, मी म्हणालो, पण तिरकं बसेल. नट कसल्यासारखे वाटतील आणि धक्क्यांनी हळूहळू सुटतील. दुकानदाराने खांदे उडवले. सासऱ्यांचा चेहरा उतरला. परतीच्या वाटेवर ते खिडकीबाहेर बघत होते. पुलावर आल्यावर एवढंच म्हणाले, "इंजिनिअर लोकांना नाही म्हणायला फार आवडतं."

दोन आठवडे त्यांचा फोन आला नाही.

मग एका रविवारी सकाळी आला. आवाज अगदी शांत. "घाई नाही. पण निजामुद्दीनच्या पुलाकडे याल का? आपल्या बाजूला, पूल लागायच्या आधी. तिला सांगू नका."

मी बायकोला "टायरवाल्याकडे जाऊन येतो" म्हटलं. त्यात खोटंही काही नव्हतं.

गाडी रस्त्याच्या कडेला उभी होती, पाच पाकळ्यांच्या चाकांवर. ती दिसत होती सुंदर, हे कबूल करायला हवं. सासरे फुटपाथच्या कठड्यावर बसून शेंगा सोलत होते. त्यांनी एकट्याने जाऊन ती चाकं आणली होती, सोसायटीजवळच्या माणसाकडून बसवून घेतली होती आणि देखभालीसाठी म्हणून निघाले होते. वळणावर घासल्याचा आवाज यायला लागला. मग मागून खडखड. तेव्हा त्यांनी गाडी बाजूला घेतली. मी वाकून बघितलं. मागच्या डाव्या चाकाचे दोन नट हाताने फिरत होते. मडगार्डच्या आतल्या कडेला रंग खरवडून पत्रा उघडा पडला होता.

मी त्यांच्याशेजारी कठड्यावर बसलो. त्यांनी शेंगांची पुडी माझ्यापुढे धरली.

आम्ही शेंगा खात होतो. हवेत धुरकट गारठा होता आणि पुलावरून बसेस जात होत्या. मग ते स्वतःच बोलायला लागले, समोर बघत.

"मागच्या थंडीत मंडी हाउसच्या गोल चक्करला गाडी बाहेर गेली माझी. सदनातून परत येताना. स्पीड काही नव्हता. स्टिअरिंग फिरवायला गेलो तर हा उजवा खांदा वरच येईना. कठड्याला चाक घासलं. कुणाला लागलं नाही, कुणी बघितलंही नाही. पण तेव्हापासून गोल चक्कर आलं की मी लांबच्या रस्त्याने जातो."

"तुम्ही कुणाला बोलला नाहीत?"

"कुणाला बोलू? तिला बोललो तर ती किल्ली काढून घेईल." एक शेंग फोडून म्हणाले, "मला वाटलं, रुंद टायर असले तर गाडी आपोआप सांभाळून घेईल. माझ्याकडून राहिलं तरी टायर धरून ठेवतील."

आणि मी इतके दिवस समजत होतो, की म्हाताऱ्याला झगमग हवी आहे. त्यांना आधार हवा होता आणि त्यांनी तो चुकीच्या मापात शोधला होता. रुंद टायरने स्टिअरिंग आणखी जड झालं होतं, म्हणजे दुखऱ्या खांद्याला आणखी ताण. हे मी त्यांना सांगितलं, पण करोलबागेत सांगितलं तसं नाही. टायरचा खालचा भाग रस्त्यावर किती जागा व्यापतो ते मी फुटपाथवर बोटाने काढून दाखवलं. अरुंद टायर हलका वळतो. गाडी मुळात हलकी आहे, तिला एवढं रबर नकोच. ज्यांनी ती बनवली त्यांनी बारीक चाकं दिली ती कंजूषपणाने नव्हे.

"म्हणजे सायकलची चाकंच बरोबर," ते म्हणाले.

गाडी ट्रकवर चढवून घरी आणली. बायकोला कळायचं ते कळलंच. तिने वडिलांना फोनवर असं झापलं, की मी दुसऱ्या खोलीत जाऊन बसलो. "पुरे आता, बाबा. विकून टाका ती." तिकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. खांद्याचं मात्र ना ते बोलले, ना मी.

आता जुनी चाकं पुन्हा बसवायची म्हटलं तर त्यांतली दोन गंजून कडेला खाल्ली गेलेली. त्यावर नवा टायर हवा धरणार नाही. सासऱ्यांनी रॅलीतल्या ओळखीपाळखींत विचारणा केली, तेव्हा कळलं, की पानिपतला एका गिरणीवाल्याकडे अशीच गाडी होती. गाडी केव्हाच मोडीत गेली, पण चाकं गोदामात पडून असावीत.

आम्ही तिघं माझ्या गाडीतून पानिपतला गेलो. बायको पुढे माझ्याशेजारी, वडिलांशी बेतानेच बोलत. सासरे मागे. गिरणीवाले सरदारजी असतील सत्तरीचे. गोदामात छतापर्यंत ब्लँकेटच्या गठ्ठ्यांची थप्पी, लोकरीचा वास, आणि एका कोपऱ्यात गोणपाटाखाली चाकं. पाच होती. चार आणि एक स्टेपनी. वरवर गंज, पण आतून घट्ट. मी एकेक चाक जमिनीवर गोल फिरवून बघितलं, कुठे वाकलं आहे का. एक किंचित लहरत होतं, ते स्टेपनीला ठेवायचं ठरवलं. मग भोकांचं अंतर मोजलं. चार इंच, तंतोतंत. सासरे माझ्या खांद्यावरून व्हर्नियर वाचत होते.

सरदारजींनी चहा मागवला आणि विचारलं, "आप लोग महाराष्ट्र से?"

सासरे हो म्हणाले.

"तो मराठे फिर पानीपत आए!" ते मांडीवर थाप मारून हसले. "इस बार खाली हाथ नहीं जाने देंगे जी."

सासरे एवढे हसले की त्यांना ठसका लागला. बायकोने पाठीवर हात फिरवला, आणि गेल्या कित्येक दिवसांत पहिल्यांदाच तिचा चेहरा सैल झालेला मी बघितला.

परतीला सोनिपतच्या आसपास ट्रॅफिक अडकला. गाडीत पेंग आलेली शांतता होती. मागून सासरे म्हणाले, "अगं, माझा खांदा वर जात नाही. जवळजवळ वर्ष झालं." आणि त्यांनी गोल चक्करचं सगळं सांगितलं, मला सांगितलं होतं तसंच, पुढचं-मागचं न गाळता.

बायकोने मागे वळून बघितलं नाही. समोरच्या ट्रककडे बघत राहिली. मला वाटलं, आता किल्लीचा विषय निघणार.

"डॉक्टरकडे उद्याच जायचं," ती म्हणाली. मग जरा वेळाने, "आणि गाडी मी चालवीन. तुम्ही शेजारी बसा."

"तू?"

"का? आईला सोडायला जाताना मला मांडीवर घेऊन जायचात. तेव्हापासून बघतेय मी. तुम्ही कधी हात लावू दिला नाहीत."

"तू विचारलं नाहीस."

"आता विचारतेय, यार बाबा."

मी आरशात बघितलं. ते डोळे मिटून बसले होते, पण झोपलेले नव्हते.

चाकं घासून, रंग देऊन आणली. बेअरिंग साफ करताना सासरे म्हणाले, "वंगण पुसून नवं भर." बायको माझ्याकडे बघायला लागली. "वंगण मतलब?" "ग्रीस गं," ते म्हणाले. "दिल्लीत वाढलीस, मराठी निम्मी यमुनेत सोडलीस." ती हसली आणि बोटाने ग्रीस भरायला लागली.

टायरचं शेवटचं माप मात्र सहज ठरलं नाही. मूळ मापाच्या सर्वात जवळचा होता एकशे पंचेचाळीस. खांद्याचं कळल्यापासून माझा कल तिकडे वळला होता, कारण स्टिअरिंग सगळ्यात हलकं त्याने होईल. सासऱ्यांनी एकशे पंचावन्न धरून ठेवला. मला वाटलं, पुन्हा रुंदीचा मोह. पण त्यांनी कारण सांगितलं. त्याने गाडी आठ मिलीमीटर उंच होते. सोसायटीच्या फाटकातला स्पीडब्रेकर आणि नोएडाकडच्या रस्त्यावरचे अर्धे स्पीडब्रेकर तिचा सायलेन्सर खरवडतात. आठ मिलीमीटर म्हणजे खरवडणं आणि न खरवडणं यांतला फरक. स्पीडोमीटर वेग जरासा कमी दाखवेल, ते त्यांना चालणार होतं. रुंदीचा फरक दहा मिलीमीटर, तो हाताला जाणवणारही नाही. त्यांनी सगळं तपासलं होतं. मी मान्य केलं, आणि खरं सांगायचं तर मला तो निर्णय माझ्यापेक्षा चांगला वाटला.

टायर घेताना त्यांनी आणखी एक केलं. टायरच्या कडेला बनवल्याचा आठवडा आणि वर्ष चार आकड्यांत छापलेलं असतं, ते मी त्यांना दाखवून ठेवलं होतं. दुकानदाराने आणलेल्या चारही टायरवर ते चष्मा कपाळावर चढवून वाकले आणि त्यांतला एक परत केला. "हा तुमच्या गोदामात दोन पावसाळे काढून आलाय," म्हणाले. दुकानदाराने मुकाट्याने दुसरा आणला. हवा भरायला गेलो तिथल्या माणसाने सवयीने भरपूर भरली. गाडी हलकी, तिला एवढी नको म्हणून ती आम्ही घरी येऊन थोडी थोडी काढली. त्या फुसफुस आवाजाकडे ते कान देऊन बसले होते.

रॅलीच्या आधीच्या रविवारी बायको पहिल्यांदा त्या गाडीच्या स्टिअरिंगवर बसली. दोन सीटची गाडी, त्यामुळे मी खाली. सासरे डावीकडे बसले आणि समोर स्टिअरिंग नसल्यामुळे हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळेना. मग त्यांनी ते गुडघ्यांवर ठेवले. गाडी सुरू झाली, एकदा बंद पडली, पुन्हा सुरू झाली. फाटकातला स्पीडब्रेकर तिने तिरका घेतला. मी वाकून ऐकत होतो. खालून कसलाही आवाज आला नाही. गाडी वळणावर अगदी सहज, एका हाताने वळल्यासारखी वळली आणि गेली.

ते कुठे गेले ते मला नंतर कळलं. रिजवर, हिंदूरावच्या चढापर्यंत. मी वर त्यांच्या फ्लॅटमध्ये जाऊन चहा केला, पेपर वाचला, पुन्हा चहा केला. बऱ्याच वेळाने खाली हॉर्न नव्हे, नुसतं इंजिन थांबल्याचं ऐकू आलं. मी गॅलरीतून बघितलं. पार्किंगमध्ये ऊन आलं होतं. बायकोचे केस वाऱ्याने विस्कटले होते. सासरे सीटवर डोकं टेकून गाढ झोपले होते, तोंड जरासं उघडं. मी खाली गेलो आणि त्यांच्या बाजूचं दार उघडायला हात पुढे केला, तर बायकोने मान हलवून नको म्हटलं. मी पुन्हा वर गेलो आणि तिचा चहा कपबशीत घेऊन आलो. तिने स्टिअरिंगमागे बसूनच चहा प्यायला, हळूहळू, बशीचा आवाज न होऊ देता.